चिलखताचे ओझे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला दोन बाजूंनी प्रश्न विचारले गेले. इतिहासाची गोडी असलेल्या मंडळींनी विचारले, कामगार चळवळीतल्या माणसाला चिलखताशी काय कर्तव्य? आणि आमच्या संघटनेतल्या मंडळींनी विचारले, कंत्राटी पद्धतीचा, बोनसचा, महागाईचा विषय समोर पडलेला असता तुम्ही राजेरजवाड्यांच्या अंगरख्यात कोठे शिरलात? दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. चिलखत ही वस्तू वस्तुसंग्रहालयात जाऊन बसलेली नाही. ती आज सकाळी शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत शेकडो माणसांनी अंगावर चढवली आहे, आणि तिच्यासंबंधीचा जुना प्रश्न अजून तसाच उभा आहे.

तो प्रश्न असा. चिलखत अंगाचे रक्षण करते. परंतु ज्या अंगाचे ते रक्षण करते त्याच अंगातले काही कसब ते काढूनही घेते. पहिली गोष्ट सर्वांना दिसते. दुसरी फक्त ते घालणाऱ्याला कळते. म्हणून पहिलीचा हिशेब कागदावर असतो आणि दुसरीचा कोठेच नसतो.

नाही म्हणायला एका ठिकाणी तो लिहिलेला आम्हांला सापडला, आणि ते ठिकाण ऐकून आपण हसाल. ते आहे तरुण मुलांच्या एका खेळाचे नियमपुस्तक. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो. पात्राने भिंत चढायची म्हटली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात त्या पात्राच्या कसबाचे गुण मिळवायचे, आणि बेरीज पुरेशी झाली तर तो चढला, नाही तर पडला. आमच्या एका कार्यकर्त्याचा मुलगा पुण्याला शिकतो. त्याच्याकडून हे पुस्तक आमच्या हाती आले. आमचे शालेय शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते करवीर नगर वाचन मंदिरात आणि गेट-मीटिंगच्या आधीच्या मोकळ्या वेळात. त्यामुळे कोणतेही पुस्तक हलके मानण्याची सवय आम्हांला लागली नाही.

त्या पुस्तकात चिलखतांचा एक तक्ता आहे. २००३ च्या आवृत्तीतला तक्ता आम्ही पाहिला. कड्यांचे चिलखत घातले तर संरक्षणाचे पाच गुण मिळतात. पोलादी पत्र्याचे आपादमस्तक चिलखत घातले तर आठ. परंतु त्याच ओळीत, एक रकाना सोडून, वजावट छापलेली आहे. कड्यांच्या चिलखताची वजावट पाच, पोलादी चिलखताची सहा. ही वजावट कोठे लागते? चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, लपणे, पाऊल न वाजवता चालणे, हातचलाखी करणे, अशा कामांत. पोहताना ती दुप्पट लागते. शिवाय चालण्याचा वेग घटतो. जो गडी चिलखत वापरायला शिकलेला नाही त्याची वजावट त्याच्या तलवारीच्या वारालाही लागते. जड चिलखत घालून जो रात्रभर झोपला तो दुसऱ्या दिवशी थकलेलाच उठतो. आणि निष्णात कारागिराने घडवलेले चिलखत असेल तर वजावट एकाने कमी होते, मात्र किंमत चढते.

ते पान वाचून आम्ही थक्क झालो. हा खेळ करणाऱ्यांनी कारखाना पाहिला होता की नाही कोण जाणे. पण ओव्हरटाइम करून सलग दोन पाळ्या जाड बूट आणि एप्रन अंगावर बाळगणाऱ्या माणसाचे वर्णन त्यांनी एका ओळीत करून ठेवले आहे. पुढे २०१४ च्या आवृत्तीत हे नियम बरेच सोपे केले, आणि जड चिलखताची कसबावरची वजावट मुख्यतः चोरपावलांच्या कामापुरती ठेवली. आम्हांला विचाराल तर जुना तक्ता अधिक प्रामाणिक होता. एक उणीव मात्र त्यातही आहे. शिरस्त्राण घातल्यावर कानाला कमी ऐकू येते आणि डोळ्याला बाजूचे दिसत नाही, याची वजावट त्या तक्त्यात नाही. आवाजापासून बचाव म्हणून कानात बोळे घालून प्रेसवर उभ्या असलेल्या कामगाराला मागून येणाऱ्या ट्रॉलीचा आवाज येत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही उणीव चटकन जाणवेल.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू.

चिलखताचे नाव काढले की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे एकच तारीख उभी राहते, १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात अफझलखानाची भेट. शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत घातले होते आणि डोक्यावरील वस्त्राखाली लोखंडी टोप होता, असे इतिहासकार सांगतात. खानाने मिठीत धरून कट्यारीचा वार केला, तो चिलखतावरून घसरला, आणि पुढचे सर्व आपण जाणता. चिलखताचा याहून मोठा विजय जगाच्या इतिहासात शोधावा लागेल. परंतु त्या दिवसाचे काम कसे होते हे पाहा. जागा ठरलेली, माणसे मोजकी, अंतर हातभर. धावायचे नव्हते, डोंगर चढायचा नव्हता, लपायचे नव्हते. जो धोका होता तो एकच आणि अगदी जवळचा होता. अशा कामाला चिलखत हवेच. आणि ते अंगरख्याच्या आत, म्हणजे समोरच्याला न दिसेल असे हवे. महाराजांनी कामाचे मोजमाप आधी घेतले आणि मग वस्तू निवडली.

या चिलखताची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. लोखंडी तारेची हजारो बारीक कडी एकमेकांत ओवून, रिवेट मारून हा अंगरखा तयार होई. फारसीत त्याला ‘जिरह’ म्हणतात. आपला ‘जिरेटोप’ शब्द तेथूनच आला. त्यावर छातीला, पाठीला आणि दोन्ही कुशींना चार पत्रे बांधले की त्याला ‘चार-आईना’ म्हणत. घोड्याच्या आणि हत्तीच्या चिलखताला आपल्याकडे ‘पाखर’ हा शब्द आहे. मायेची पाखर आपण सहज म्हणतो, पण तो युद्धातला शब्द आहे हे विसरतो, आणि पाखरीखाली घोडा घामेजतो हेही विसरतो. कड्यांच्या चिलखताचे वजन साधारण दहा किलोच्या घरात. ऐकायला हे फार नाही. परंतु हा सारा भार दोन खांद्यांवरून लोंबतो. हात वर केला की तो दहा किलोंतला आपला वाटा उचलूनच वर होतो. म्हणून जाणता माणूस कमरेला पट्टा आवळून निम्मा भार कमरेवर घेई. मार्केट यार्डातल्या कोणत्याही हमालाला हे समजावून सांगावे लागणार नाही. ओझे किती हा पहिला प्रश्न नव्हे; ओझे कोठे बसले हा पहिला प्रश्न.

प्रतापगडानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १६६१ मध्ये, खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत दुसरा प्रसंग घडला. कारतलबखान मोगलांची मोठी फौज घेऊन घाट उतरत होता. सरंजाम भारी, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, पाण्याची टंचाई. मराठे वर डोंगरात दबा धरून होते. खानाची फौज खिंडीत शिरली आणि अडकली; पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी खंडणी देऊन त्याने आपली सुटका करून घेतली. तेथे मोगलांना शौर्य कमी पडले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर असलेल्या रायबागन या सरदारणीने पुढचा अनर्थ ओळखून खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, इतकी शहाणी माणसे त्या फौजेत होती. परंतु मैदानावर जो सरंजाम त्या फौजेचे चिलखत होता, तोच खिंडीत तिच्या गळ्यातला धोंडा झाला. हत्तीवरचा तंबू, तोफेचा गाडा, सरदाराचा मुदपाकखाना, हेही चिलखतच. शिवाजी महाराजांनी आपल्या लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास मनाई केली होती, असे सभासद लिहितो. पुष्कळ लोक याकडे केवळ नीतीच्या दृष्टीने पाहतात. आम्हांला त्यात वजनाचा हिशेबही दिसतो.

याच्या मधला प्रसंग तर आपल्या पन्हाळ्याचा. जुलै १६६० ची पावसाळी रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, आणि विशाळगडाकडे चिखलातून, ओढ्यांतून, काट्याकुट्यांतून निघालेली ती मंडळी. हल्ली दर वर्षी पुष्कळ तरुण त्या वाटेने पावसात पदभ्रमण करतात. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, पाठीवरच्या पिशवीतला एक-एक जिन्नस तिसऱ्या टेकडीवर कसा शत्रू वाटू लागतो! त्या रात्री पाऊल हेच हत्यार होते.

मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई तो. हा भेद आपण मनात ठेवावा. पुढे तो आम्हांला लागणार आहे.

युरोपात चिलखताची कला पंधराव्या शतकात कळसाला पोचली होती. तेथल्या सरदारांना यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, असे आपण गमतीने ऐकतो. ती निव्वळ थाप आहे. बूसिको नावाच्या फ्रेंच सेनानीच्या चरित्रात तो चिलखत अंगावर असताना कोलांटी मारत असे, शिडीच्या खालच्या बाजूने हातांवर चढत असे, असे वर्णन आहे. म्हणजे तालीम केलेला माणूस चिलखतात हालचाल करू शकतो. त्याचा सांधान्‌सांधा बेतून केलेला असतो. मग नुकसान कोठे होते? ते दमात होते. इंग्लंडमधल्या लीड्‌स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. चिलखत वापरण्याचा सराव असलेल्या माणसांना त्यांनी पंधराव्या शतकातल्या नमुन्यांबरहुकूम केलेली, तीस ते पन्नास किलोंची चिलखते चढवली, चालत्या पट्ट्यावर चालवले आणि पळवले, आणि त्यांचा श्वास मोजला. चालताना शक्तीचा खर्च दुपटीहून जास्त झाला. पळताना जवळजवळ दुप्पट. त्याचे एक मोठे कारण असे निघाले की चिलखताचा पुष्कळसा भार पायांवर असतो, आणि प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे टाकावा लागतो. दुसरे असे की छातीवर पत्रा असल्याने खोल श्वास घेता येत नाही. माणूस उथळ आणि भरभर श्वास घेतो. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आजँकूरच्या नांगरलेल्या, पावसाने भिजलेल्या शेतातून फ्रेंच सरदार पायी चालत इंग्रजांवर गेले. ते तेथवर पोचले, पण पोचताना अर्धे संपले होते. वार सोसायला चिलखत होते, वार करायला दम नव्हता.

पायावरच्या ओझ्याची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. लष्करी संशोधनातून असे दिसून आले आहे की पायात घातलेला एक किलो हा पाठीवर घेतलेल्या चार-पाच किलोंइतका थकवतो. सुरक्षेचे बूट विकत घेणाऱ्या किती खरेदीखात्यांना हे ठाऊक आहे? दुकानदार किंमत सांगतो, टाचेखालचे रबर दाखवतो, पुढच्या लोखंडी टोपीवर हातोडी मारून दाखवतो. बुटाचे वजन किती, असे विचारलेले आम्ही अजून ऐकलेले नाही.

आता क्षणभर आपल्या तालमींकडे पाहू, कारण चिलखत आणि कसब यांचा सर्वांत सुंदर तोडगा आपल्या कोल्हापुरात अजून जिवंत आहे. मर्दानी खेळात पट्टा फिरवणारा गडी आपण सर्वांनी पाहिला आहे. पट्ट्याची मूठ इतर तलवारीसारखी नसते. तिच्यावर लोखंडाचे कवच असते, ते मनगट झाकून कोपराकडे जाते, आणि हात त्याच्या आत आडवी मूठ धरतो. हाताचे रक्षण उत्तम होते. पण मनगट गेले! तलवारबाजीत मनगटाचे जे नाजूक काम असते ते सारे बंद. मग आपल्या पूर्वजांनी काय केले? त्यांनी त्या हत्यारासाठी निराळी विद्या घडवली. मनगटाचे काम खांद्याकडे आणि कमरेकडे दिले, पायांच्या पवित्र्याकडे दिले. सगळा गडीच फिरू लागला. आज आपण ज्या चकरा आणि उड्या पाहून टाळ्या वाजवतो त्यांचे मूळ त्या बंद झालेल्या मनगटात आहे. पण ही विद्या शिकायला वर्षे लागतात, वस्ताद लागतो, तालमीची माती लागते. कोणाच्याही हाताला पट्टा चढवून ‘जा लढ’ म्हणून भागत नाही.

आमच्या फौंड्रीतल्या भावांना मात्र नेमके असेच सांगितले जाते.

कोल्हापूरची ओतशाळा कशी असते हे येथल्या पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक आहे. तरी ज्यांचा तिकडे जाण्याचा योग आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वाळू, चिकणमाती आणि पाणी यांच्या मिश्रणात साचा पाडायचा; भट्टीत सुमारे तेराशे ते चौदाशे अंश सेल्सिअसला वितळलेला लोखंडाचा रस लेडलमधून आणून त्यात ओतायचा; थंड झाल्यावर साचा फोडून माल काढायचा आणि घासायचा. साचा पाडणारा मोल्डर वाळू ओली किती आहे हे कशाने ठरवतो? यंत्रे निघाली आहेत, मोठ्या कारखान्यांत ती आहेतही. परंतु जुना मोल्डर मूठभर वाळू घेतो, आवळतो, मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले, गोळा मोडताना कडा तुटक झाल्या नाहीत, हाताला चिकटली नाही, की वाळू तयार. ओल जास्त राहिली तर रस ओतताना वाफ कोंडते आणि साचा उडतो. म्हणजे त्या मुठीत केवळ मालाचा दर्जा नसतो. भोवतालच्या माणसांचा जीवही असतो.

अशाच एका ओतशाळेतली गोष्ट सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे व्यवस्थापनाने सर्वांना जाड चामड्याचे हातमोजे दिले आणि सूचनाफलकावर हुकूम लावला, की आत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत मोजे हातात असलेच पाहिजेत. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण तेथे साचा पाडणारा आणि रस ओतणारा माणूस एकच होता. एके दिवशी त्याने वाळू पाहायला मोजे काढले. तेवढ्यात भट्टीवरून हाक आली. रस थांबत नसतो, निवला की फुकट जातो. तो तसाच लेडलला लागला, आणि थेंब उडून हाताच्या पाठीवर भाजले. चार दिवसांनी हाताला पट्टी असतानाच त्याला चार्जशीट मिळाली, सुरक्षेच्या नियमाचा भंग केल्याबद्दल.

चौकशीत तो काय बोलला ते आम्ही त्याच्याच शब्दांत सांगतो. “सायेब, मोजं घातलं की हात माझा ऱ्हात न्हाई. वाळू सांगती ते त्येला ऐकू येत न्हाई.” चौकशी अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले नाही, कारण मुद्दा नियमाचा होता. तेव्हा आम्ही टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक मोज्यांचा जोड आणि एक वाळूचे घमेले. म्हटले, साहेब, मोजे घालून मूठ आवळा आणि सांगा, ही वाळू साच्याला चालेल का? अधिकारी वकील होते, त्यांनी हसून नकार दिला. परंतु शेजारी बसलेले उत्पादनखात्याचे प्रमुख हे खालून वर चढलेले, स्वतः एके काळी मोल्डर असलेले गृहस्थ होते. त्यांनी मोजे घातले, वाळू आवळली, मोजे काढले, पुन्हा आवळली, आणि ‘मोज्यात नाही कळत’ एवढेच म्हणाले. त्या तीन शब्दांनी चार्जशीट परत गेली.

पण गोष्ट तेथे संपत नाही, आणि आमच्या मते तिचा खरा भाग पुढेच आहे. मागणी आम्ही अशी केली, की साच्याच्या कामाला पातळ मोजे किंवा उघडे हात आणि ओतण्याच्या कामाला जाड मोजे, असे दोन प्रकार करा. जाड मोजे लेडलच्या जागेपाशी खुंटीला टांगा. आणि ते चढवायला जो वेळ लागेल तो कामाचा वेळ धरा. पहिल्या दोन गोष्टी आठवड्यात मान्य झाल्या. तिसरी आजतागायत मान्य झालेली नाही. मोजे स्वस्त असतात, मिनिटे महाग असतात. पाळीचे उद्दिष्ट ठरवताना जो माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला होता, त्याने मोजलेला कामगार उघड्या हातांनी काम करत होता. त्याच उद्दिष्टावर आता मोजे, गॉगल, एप्रन, पायावरचे लेग गार्ड चढवून काम करायचे. उद्दिष्ट गाठले नाही तर आळशी. गाठण्यासाठी मोजे काढले तर बेशिस्त. त्या मुलांच्या खेळात निदान वजावट उघड छापलेली आहे. येथे वजावट कामगाराच्या खिशातून होते आणि पावतीही मिळत नाही.

ही गोष्ट केवळ भट्टीपुरती नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आपल्या परिचारिका भगिनींनी ते पांढरे पोषाख तासन्‌तास अंगावर बाळगले. त्यांच्यापैकी काहींशी आम्ही बोललो. एकीवर एक अशा दोन हातमोज्यांतून रुग्णाची शीर बोटाला लागत नाही. चष्म्यावर वाफ धरते. बोलणे मुखपट्टीत अडते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे प्रमाण दोनदा विचारावे लागते. पोषाख काढता येत नाही म्हणून पाणी प्यायचे नाही. पोषाख नको होता असे त्यांच्यापैकी एकीनेही म्हटले नाही. तो नसता तर त्यांतल्या किती जणी आज असत्या? त्यांचे म्हणणे वेगळे होते. पोषाखात माणूस हळू काम करतो, म्हणून माणसे जास्त लावा आणि पाळी आखूड करा. म्हणजे चिलखत द्या, आणि त्याची वजावट भरून काढण्याची तजवीजही करा. आमच्या मोल्डरचीही मागणी हीच नव्हती काय?

काही मालक आम्हांला म्हणतात, तुमचेच लोक हेल्मेट काढून कोपऱ्यात ठेवतात, आम्ही काय करावे? हे खरे आहे. आमच्यातही बेफिकीर माणसे आहेत, आणि ‘मला काय हुतंय’ म्हणणारा गडी हा कोल्हापूरचा काही अगदी दुर्मिळ प्राणी नव्हे. खासबागेत लंगोटावर उतरणाऱ्या पैलवानाला पाहून वाढलेले आम्ही लोक. उघड्या अंगाचा अभिमान आमच्या रक्तात आहे. त्या अभिमानाला आवर घालणे हे संघटनेचेही काम आहे आणि आम्ही ते करतो. परंतु एखादा काढतो तेव्हा तो बेफिकीर असतो. अख्खे खाते काढते तेव्हा वस्तू तपासावी. कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांना पुरुषांच्या मापाचे मोजे दिले जातात, बोटांची टोके पुढे लोंबतात आणि यंत्रात अडकतात. त्यांनी ते काढले तर तो बेफिकिरीचा प्रकार म्हणायचा की शहाणपणाचा?

आता तो बारगीर आणि शिलेदार. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ११४ होते. मालकाने ज्या सोयी पुरवायच्या त्यांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असे ते सांगत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या सुरक्षाविषयक संहितेतही सुरक्षेसाठी केलेल्या गोष्टींचा आकार कामगारावर बसवू नये हे तत्त्व आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कामगार बारगीर आहे. चिलखत सरकारातून मिळाले पाहिजे. प्रत्यक्षात कायम कामगार बारगीर आणि कंत्राटी कामगार शिलेदार, अशी आजची स्थिती आहे. एकाच भट्टीसमोर एकाच्या पायात कंपनीचा बूट असतो आणि दुसऱ्याच्या पायात घरून आणलेली चप्पल. जुन्या शिलेदाराला स्वतःच्या घोड्याबद्दल वेगळा मोबदला तरी मिळे. आमच्या शिलेदाराला चपलेबद्दल काय मिळते?

आमच्या संघटनेने अलीकडे मागणीपत्रात एक नवा तक्ता जोडण्यास सुरुवात केली आहे, आणि त्याची कल्पना, सांगायला संकोच वाटत नाही, त्या मुलांच्या पुस्तकातूनच आली. डाव्या बाजूला वस्तूचे नाव, मग ती कशापासून वाचवते, मग तिचे वजन आणि ते अंगावर कोठे बसते, मग ती घातल्यावर कोणते काम हळू होते किंवा होतच नाही, आणि शेवटी त्यासाठी उद्दिष्टात किती सूट. तिसरा आणि चौथा रकाना कामगारांनी स्वतः आठ दिवस वस्तू वापरून भरायचा. एका कारखान्याने तो तक्ता स्वीकारला, दोघांनी विचारासाठी ठेवून घेतला, आणि एकाने परत पाठवला.

तक्ता भरताना जुन्या मोल्डरांनी एक रकाना आपल्या मनाने वाढवला: ‘काढायला किती वेळ’. आम्हांला प्रथम त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनी समजावले. रसाचा थेंब उडून बुटात गेला तर नाडी सोडायला सवड नसते. म्हणून ओतकामाचा चांगला बूट बिननाडीचा असतो, वरून लेग गार्डने झाकलेला, आणि एका झटक्यात पायातून सुटणारा. त्यांच्यापैकी एकाने भर सभेत खुर्चीवर बसून तो काढून दाखवला. आम्ही मनात मोजत होतो. तीन म्हणण्याच्या आत बूट भिंतीला जाऊन लागला होता.